स्केच काळं झालं, पण बरोबर झालं का?

आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलामुलींना मी पहिले काही दिवस थ्रीडी करू देत नाही. मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत फिक्स्चर (काम चालू असताना जॉब धरून ठेवणारी साधनं) आणि कन्व्हेयरची डिझाइनं करते. चार होलांची एक साधी बेस प्लेट देते आणि सांगते, हिचं संगणकावर नुसतं स्केच, म्हणजे सपाट रेखाकृती, करा, पण असं करा की कोणतीही रेघ माऊसने ओढली तरी जागची हलली नाही पाहिजे. पॉलिटेक्निक केलेल्यांना किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा ड्राफ्ट्समन मेकॅनिकल ट्रेड करून आलेल्यांना हे काम फार सोपं वाटतं. ज्यांचा हात ऑटोकॅडवर बसलेला असतो ते तर लगेच 120 टाइप करतात, 80 टाइप करतात, आयत तयार. मग मी कोपरा धरून ओढते आणि आयत वेडंवाकडं होतं.

पॅरामेट्रिक, म्हणजे माप बदललं की आकारही बदलणाऱ्या, सॉफ्टवेअरमध्ये रेघ आधी ढोबळ काढायची असते आणि नंतर तिला नियम सांगायचे असतात: ही आडवी, ही तिला समांतर, हे दोन टोक एकच, हे वर्तुळ त्याच्याएवढं. या नियमांना कन्स्ट्रेंट म्हणतात. कल्पना बरीच जुनी आहे. 1963 साली आयव्हन सदरलँड यांनी एमआयटीत केलेल्या स्केचपॅड या प्रोग्रॅममध्ये लाइट पेनने ढोबळ रेघा काढून त्यांना समांतर किंवा काटकोनात यायला सांगता येत होतं.

आता थोडं मोजायला शिका, कारण मोजता आलं की भीती जाते. कागदाच्या पातळीवर एक बिंदू दोन दिशांना हलू शकतो, म्हणजे त्याला 2 मोकळीका. रेघेला दोन टोकं, म्हणून 4. वर्तुळाला केंद्राच्या 2 आणि त्रिज्येची 1, अशा 3. याला डिग्री ऑफ फ्रीडम म्हणतात, आणि स्केच पूर्ण बांधलं म्हणजे ही बेरीज शून्यावर आली. आयत टूलने काढलेल्या आयतात चार रेघांच्या 16 मोकळीका असतात. कोपरे जुळल्यामुळे 8 जातात, आडव्या-उभ्या नियमांनी 4 जातात, उरतात 4: रुंदी, उंची आणि आयताची जागा (जागेच्या 2).

आमच्या प्लेटवर M10 बोल्टसाठी 11 मिमीचे चार होल आहेत. चार वर्तुळांच्या 12 मोकळीका धरून एकूण 16 झाल्या. आयताचे कर्णावरचे दोन कोपरे ओरिजिनभोवती (स्केचच्या शून्य बिंदूभोवती) सिमेट्रिक, म्हणजे सारख्या अंतरावर समोरासमोर, केले की 14. चारही वर्तुळं सारखी केली की 11, एकाला 11 मिमी व्यास दिला की 10. 120 आणि 80 दिले की 8 उरतात, आणि त्या सगळ्या होलांच्या केंद्रांच्या आहेत. वरचे दोन होल उभ्या अक्षाभोवती सिमेट्रिक, खालचे दोनही तसेच, डावीकडचे दोन आडव्या अक्षाभोवती. प्रत्येक नियमाने 2 गेल्या, उरल्या 2. होलांमधलं अंतर 90 आणि 50 दिलं की शून्य. इथे बरेच जण उजवीकडच्या दोन होलांनाही सिमेट्री लावतात आणि सॉफ्टवेअर ओरडतं. लावलेल्या तीन नियमांतूनच ते दोघं आपोआप सिमेट्रिक झालेले असतात, चौथा नियम नवीन काही सांगत नाही. लाल इशारा दिसला की घाबरून सगळं पुसू नका. शेवटी लावलेला नियम काढा आणि तो आधीच्या कोणत्या नियमांतून येतोय ते शोधा. शोधून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, शिकणं तिथेच होतं.

स्केच पूर्ण बांधलं गेलं की सॉलिडवर्क्स या सॉफ्टवेअरमध्ये निळ्या रेघा काळ्या होतात, फ्रीकॅडमध्ये पांढऱ्या हिरव्या होतात. पण रंग बदलला म्हणून काम झालं असं नाही, आणि हा लेख मी त्यासाठीच लिहिते आहे. फिक्स किंवा ब्लॉक मारूनही, म्हणजे रेघ आहे तिथेच नुसती गोठवूनही, रंग बदलतो. आपोआप मापं टाकणारी कमांड असते, तिनेही बदलतो. असं स्केच शून्यावर असतं, पण त्याला काही कळत नसतं.

वरच्याच प्लेटचं पाहा. मोटर बदलली आणि होलांमधलं अंतर 90 चं 110 करायचं आहे. 120 च्या प्लेटमध्ये प्रत्येक बाजूला केंद्रापासून काठापर्यंत 5 मिमी उरतात आणि होलची त्रिज्या साडेपाच आहे. होल काठ फोडून बाहेर जातो. आता 120 हे माप काढून टाका आणि त्याच्या जागी होलच्या केंद्रापासून काठापर्यंत 15 द्या. मोकळीका तेव्हाही शून्य, चित्र तेव्हाही तेच. फरक असा की 110 केल्यावर प्लेट स्वतःहून 140 ची होते. दोन्ही स्केचं काळी आहेत, पण प्लेटमध्ये महत्त्वाचं काय हे दुसऱ्यालाच माहीत आहे.

हे महत्त्वाचं काय, ते शॉपमध्ये जाऊन कळतं. एका नव्या मुलाने सगळी मापं प्लेटच्या डाव्या काठापासून दिली होती. आमचे फिटरभाऊ ड्रॉइंग पाहून त्याला म्हणाले, "या काठाले तर गॅस कटिंग आहे जी, इथून माप काहून घेता? आधी मधात सेंटर मारू द्या, मग होल, काठाचं नंतर पाहू." त्या मुलाला मी पुढे काही समजावलं नाही, गरजच उरली नव्हती. गॅसने कापलेला काठ एक-दोन मिमी इकडेतिकडे चालतो, होल एकमेकांपासून चुकले तर बोल्ट बसत नाही. स्केचमधलं माप तिथूनच द्यावं जिथून काम करणारा माणूस मोजणार आहे. म्हणून एमआयडीसीत काम मिळालं की जेवणाच्या सुट्टीनंतर दहा मिनिटं मशीनपाशी उभे राहत जा. जॉब कसा धरतात, व्हर्नियर कुठे लावतात ते बघा.

आणखी एक गोष्ट क्लासमध्ये सहसा सांगत नाहीत. शून्य मोकळीक म्हणजे एकच उत्तर असंही नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजू दिल्या आणि पाया पक्का केला, तरी शिरोबिंदू वरही बसू शकतो आणि खालीही. सॉल्व्हर, म्हणजे सॉफ्टवेअरचा हे नियम सोडवणारा भाग, जवळचं उत्तर घेतो. 20 चं माप एकदम 200 केलं की स्केच कधी कधी उलटतं ते यामुळेच. त्यावर उपाय म्हणजे पहिली ढोबळ रेघच साधारण खऱ्या आकाराची काढायची आणि मोठं माप टप्प्याटप्प्याने बदलायचं.

बाकी सवयी थोडक्यात. नियम आधी, आकडे नंतर. कोपऱ्यांचे गोल फिलेट शक्यतो स्केचमध्ये घेऊ नका, सॉलिड झाल्यावर द्या. एका स्केचमध्ये सगळा पार्ट कोंबू नका. दुसऱ्या फीचरच्या (आधी तयार केलेल्या भागाच्या) काठाचा आधार घेण्याऐवजी ओरिजिन आणि मूळ प्लेनचा घ्या. काठ नाहीसा झाला की त्यावर टेकलेलं सगळं तुटतं. फ्रीकॅडमध्ये हा त्रास जुना होता, नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 1.0 आवृत्तीत तो बराच कमी केला आहे.

कोणतं सॉफ्टवेअर शिकू, असं मला नेहमी विचारतात. हिंगणा, बुटीबोरी, मिहान, जिथे जाल तिथे वेगळं मिळेल. नागपुरात सीताबर्डीला क्लासला भरायला पैसे नसतील तर फ्रीकॅड फुकट आहे, त्यावर सुरू करा. ते उरलेल्या मोकळीकांचा आकडाही दाखवतं, म्हणून मोजायची सवय लागायला मला तेच जास्त आवडतं. घरातला नळाचा फ्लँज, सायकलची चेनप्लेट, दाराचा कडीकोयंडा असं काहीही मोजून त्याचं स्केच करा. झाल्यावर प्रत्येक माप एकेक करून बदला आणि आकार शाबूत राहतो का पाहा. आमच्याकडे मुलाखतीला आलात तर मी हेच करणार आहे: तुमची फाइल उघडून 90 चा 110 करणार, आणि प्लेटचं काय होतं ते आपण दोघं मिळून बघू.