शी अडवून धरणाऱ्या मुलासाठी
अडीच वर्षांचे मूल पॉटीवर बसायला ठाम नकार देते, पण डायपर घातला की पडद्यामागे जाऊन, पाय आवळून, तोंड लाल होईपर्यंत उभे राहते, तेव्हा हा हट्ट आहे असे समजून रागावण्याआधी त्याची शी कडक होते का, हे पाहावे. खडा झाल्यामुळे एकदा दुखले की मूल शी अडवू लागते. अडवल्याने ती आणखी कोरडी होते आणि पुढच्या वेळी जास्त दुखते. हे चक्र तुटेपर्यंत पॉटीचा विषय काही आठवडे पूर्ण बाजूला ठेवावा आणि डायपर निःसंकोच वापरावा, मग शेजारचे मूल दीड वर्षात शिकले असे घरात कोणी कितीही म्हणो.

पाणी, पपई, भिजवून कुस्करलेल्या काळ्या मनुका द्याव्यात आणि दूध दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त होऊ देऊ नये. विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी लावण्याचा उपाय कृपया करू नये, कारण त्याने भीती अधिकच बळावते. रक्त दिसल्यास किंवा पोट फुगल्यास बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

शी मऊ होऊ लागली की जेवणानंतर १५-२० मिनिटांनी, आतड्यांची हालचाल वाढलेली असताना, मुलाला ५ मिनिटेच बसवावे. कमोडवर बसवायचे असल्यास पायांखाली पाट किंवा छोटे स्टूल द्यावे, कारण लोंबकळत्या पायांनी मुलाला जोर लावता येत नाही.