प्रश्नचिन्हं दिसली तर सेव्ह करू नका: अक्षरांच्या कोडमधल्या या चुका टाळा

फाइल उघडली आणि मराठीच्या जागी भलतंच काही दिसलं, की बहुतेकांचा हात आधी फॉन्टच्या यादीकडे जातो आणि मग सेव्हच्या बटणाकडे. फॉन्ट बदलून काही बिघडत नाही, फार तर वेळ जातो. सेव्हने मात्र मजकूर कायमचा जाऊ शकतो.

कारण फाइलमध्ये अक्षरं नसतातच, आकडे असतात. रोमन कॅपिटल ‘ए’चा आकडा ६५, मोकळ्या जागेचा ३२. कुठल्या अक्षराला कोणता आकडा हे ठरवणाऱ्या आस्की या जुन्या तक्त्यात असे एकूण १२८ आकडे आहेत आणि त्यात देवनागरीला जागा नाही. जगभरच्या लिप्यांसाठी केलेल्या युनिकोड या तक्त्याने ती दिली. तिथे ‘क’चा आकडा २३२५. एक बाइट (फाइलमधलं आकडा ठेवायचं एक घर) २५५च्या पुढे जात नाही, म्हणून यूटीएफ-८ पद्धतीत ‘क’ तीन बाइटमध्ये लिहितात: २२४, १६४, १४९. वाचणाऱ्या प्रोग्रामने हे तीन मिळून एक अक्षर धरलं तर ‘क’ दिसतो, प्रत्येक बाइट सुटा वाचला तर तीन असंबद्ध चिन्हं दिसतात. फाइल दोन्ही वेळा तीच असते. चुकतं ते वाचन.

लक्षण न बघता औषध देणं

‘अक्षरं बिघडलीत’ एवढ्यावरून काहीच कळत नाही. नेमकं काय दिसतंय ते बघा.

रिकामे चौकोन दिसत असतील तर आकडे शाबूत आहेत, फक्त फॉन्टमध्ये त्या अक्षराचं चित्र नाही. फॉन्ट टाका, विषय संपला.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ आणि त्यामागे ¤ किंवा ¥ अशी जोडी पुन्हापुन्हा दिसत असेल, तर यूटीएफ-८ फाइल विंडोज-१२५२ (दर बाइटला एक चिन्ह देणारा, पश्चिम युरोपीय भाषांसाठीचा जुना तक्ता) समजून वाचली जातेय. देवनागरीचे आकडे २३०४ ते २४३१ या पट्ट्यात येतात, त्यामुळे प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५ असतो. ही जोडी ओळखायला शिकलात तर अर्धं काम झालं. दिसायला भयंकर, पण मजकूर सहसा पूर्ण शाबूत असतो.

काळ्या हिऱ्यातलं प्रश्नचिन्ह � म्हणजे ‘हे बाइट मला वाचता येत नाहीत’ असं प्रोग्राम सांगतोय. मूळ फाइल सहसा अजून ठीक असते, जोवर तुम्ही त्यावर सेव्ह करत नाही तोवर.

आणि साधं प्रश्नचिन्ह, एका ओळीत दहा-वीस. हे सगळ्यात साधं दिसतं आणि सगळ्यात वाईट असतं. कुणीतरी आधीच मजकूर अशा तक्त्यात कोंबलाय जिथे देवनागरी नाही, आणि प्रत्येक अक्षराऐवजी ६३ हा आकडा लिहून टाकलाय. ६३ वरून ‘क’ होता की ‘ज्ञ’, हे कुणालाच सांगता येणार नाही. बॅकअप शोधा.

नावांची एक मोठी यादी मी स्वतः अशीच घालवलीय. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली, एक रकाना दुरुस्त केला, साध्या सीएसव्ही प्रकारात सेव्ह केली. पुन्हा उघडली तर नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. आता मी डबल-क्लिक करत नाही. डेटा टॅबमधून फाइल आत घेतो, एन्कोडिंगच्या (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या पद्धतींच्या) यादीत ६५००१ म्हणजे यूटीएफ-८ निवडतो, आणि सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार घेतो. या प्रकारात फाइलच्या सुरुवातीला तीन अदृश्य बाइट पडतात: २३९, १८७, १९१. एक्सेलला त्यावरून ओळख पटते, पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला पहिल्या रकान्याचं नाव ‘सापडत नाही’, कारण ते बाइट नावाला चिकटलेले असतात. पहिलाच रकाना रुसला असेल तर संशय यांच्यावरच घ्या.

उलटं फिरवताना हलन्त हरवणं

चुकीचं वाचलेलं रूप कुणी सेव्ह केलं असेल तर ते उलट दिशेने फिरवून मूळ मजकूर मिळवता येतो, असा सल्ला सगळीकडे मिळतो. खरा आहे, पण मराठीसाठी अर्धवट. विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटना कुठलंही चिन्ह नेमलेलं नाही: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. आता आपल्याकडे बघा. हलन्ताचा शेवटचा बाइट १४१, ऱ्हस्व उकाराचा १२९, ‘ए’चा १४३, ‘ऐ’चा १४४, ‘झ’चा १५७. नेमकी रोजच्या वापरातली मंडळी! काही प्रोग्राम हे बाइट निमूटपणे पुढे ढकलतात, काही गाळून टाकतात किंवा त्यांच्या जागी प्रश्नचिन्ह घालतात. म्हणून उलटवलेल्या मजकुरात जोडाक्षरं फुटलेली आणि उकार गायब दिसले तर दोष तुमच्या कोडचा असेलच असं नाही. ते बाइट आधीच गेलेले असू शकतात. फक्त ‘मराठी’ हा शब्द नीट आला म्हणून खूश होऊ नका, त्यात या पाचांपैकी एकही बाइट नाही.

फॉन्टच्या सोंगाला मराठी समजणं

जुन्या डीटीपी फाइलमधून (छपाईसाठी पानं जुळवलेल्या फाइलमधून) मजकूर कॉपी केला आणि रोमन अक्षरांचं कडबोळं आलं, तर एन्कोडिंग बदलून उपयोग नाही. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. कागदावर मराठी, फाइलमध्ये मात्र रोमन अक्षरांचेच आकडे. त्याच फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, दुसऱ्या फॉन्टचा चालत नाही, आणि नंतर डोळ्यांखालून घालावंच लागतं.

दिसायला सारखं म्हणजे सारखं समजणं

मला सर्वांत जास्त छळणारी चूक ही आहे, कारण इथे काहीच बिघडलेलं दिसत नाही. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ जवळून बघा. पहिल्यात कोलन आहे, आकडा ५८. दुसऱ्यात विसर्ग, आकडा २३०७. कीबोर्डवर विसर्ग सापडला नाही की कोलन ठोकायची आपली जुनी सवय. मग सर्चमध्ये अर्धेच निकाल येतात, आणि विंडोजवर फाइलच्या नावात ‘दु:ख’ लिहायला गेलात तर नकारच मिळतो, कारण तिथे नावात कोलन चालत नाही.

‘ॲ’चंही तेच. त्याला २४१८ हा स्वतंत्र आकडा २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र देऊन काम भागवत, म्हणजे २३०९ आणि २३७३. युनिकोडचं नॉर्मलायझेशनही, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची ठरलेली पद्धतही, या दोघांना एक मानत नाही. बदल तुम्हालाच लिहावा लागतो.

आणि दऱ्या. ‘ऱ’ला हलन्त लावून ‘दऱ्या’ लिहिता येतं, तसंच साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ आकड्याचं अदृश्य जोडचिन्ह घालूनही ‘दर्‍या’ लिहिता येतं. डोळ्याला एकच, सर्चला दोन. ‘अदृश्य कचरा साफ करा’ म्हणून कुणी स्क्रिप्ट फिरवली आणि ८२०५ उडवलं, तर उरतो ‘दर्या’. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र झाला, आणि स्पेलचेकला काही खटकणार नाही, कारण शब्द बरोबर आहे.

अक्षरं मोजताना गफलत

‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये ते सहा आकडे आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र, ई-कार. यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट. नावाच्या रकान्याला २० बाइटची मर्यादा ठेवली की एका ‘स्त्री’नंतर जागा जवळपास संपते. पंधराव्या बाइटवर मजकूर कापलात तर ई-कार गळून ‘स्त्र’ उरतं, सोळाव्यावर कापलात तर शेवटी तो काळा हिरा. एसएमएसमध्येही एक देवनागरी अक्षर आलं की एका संदेशाची मर्यादा १६० चिन्हांवरून ७० वर येते.

मायएसक्यूएल या डेटाबेसमधलं जुनं ‘यूटीएफ८’ नाव तर सरळ फसवं आहे: ते एका आकड्याला तीनच बाइट देतं. मराठी तीनमध्ये मावते, म्हणून चाचणी पास होते. मग कुणीतरी 😀 पाठवतं, ज्याला चार बाइट लागतात, आणि नोंद तिथेच अडकते किंवा तुटते. तिथे ‘यूटीएफ८एमबी४’ निवडा.

नवीन डेटाबेस किंवा फाइल-आयात तपासताना मी आता ‘मराठी’ लिहून बघत नाही. ‘ॲनाचं दुःख झऱ्याएवढं 😀’ ही ओळ टाकतो, बाहेर काढतो, आणि दोन्हींचे बाइट जुळवून बघतो.