धुराची नळकांडी कधी पेटवायची?
रानात वाट चुकलात आणि सॅकमध्ये नारिंगी धुराची नळकांडी असली, तरी घाबरून लगेच पेटवू नका. हातात धरायची छोटी नळकांडी मिनिटभरात संपू शकते. हेलिकॉप्टर किंवा शोधपथक टप्प्यात आलं की मगच. झाडीखाली धूर पानांतच अडकतो, म्हणून उघड्या कातळावर या, वारा पाठीवर घ्या आणि हात लांब धरा. वैमानिकाला त्यातून वाऱ्याची दिशाही कळते. अंधारात मात्र टॉर्चच कामाची. नळकांडी नसेल तर शेकोटीवर ओला पाला टाका. पांढरा धूर हिरव्या रानात उठून दिसतो. पण सह्याद्रीत मार्च-एप्रिलच्या वाळल्या गवतात हा उद्योग नको, सुटका राहील बाजूला आणि वणवा लागेल! तेव्हा आरसा आणि शिट्टी बरी.