ट्युबा शिकवताना आधी श्वास, मग सूर

मुलाच्या मांडीवर ट्युबा, म्हणजे पितळेचं भलंमोठं फुंकवाद्य, ठेवला की पहिल्यांदा तो काय करतो, तर खांदे कानापर्यंत वर घेतो, ओठ आवळतो आणि लावतो जोर. आवाज येतो तो दबलेला, घुसमटलेला. इथे "अजून जोरात फुंक" असं अजिबात सांगू नका, वाद्य सरळ बाजूला ठेवा.

पाच मिनिटं नुसता श्वास. घसा जांभई देताना होतो तसा मोकळा, तोंड "हो" म्हणल्यासारखं, चार मात्रा आत, चार बाहेर, आणि मधे थांबायचं नाही, कारण श्वास भरून रोखला की घसा आवळलाच समजा. बरेच जण "पोट घट्ट धर" सांगतात, माझ्या मते नुकसान त्यानेच होतं, ताठ पोटाने खोल श्वास येणार कसा? शिकागो सिंफनी या वाद्यवृंदात 1944 ते 1988 ट्युबा वाजवणारे अर्नोल्ड जेकब्स, त्यांना तर दमा होता, तेसुद्धा स्नायूंकडे नको, सुराकडे आणि हवेकडे लक्ष दे असंच शिकवायचे.

मग वहीचा एक कागद वरच्या कडेला धरून तोंडासमोर लटकवा आणि फुंकायला सांगा. कागद फाडकन उडून लगेच खाली आला तर हवा सुरुवातीलाच उधळली, तो तिरका होऊन तसाच राहायला हवा.

आता माउथपीसवर, म्हणजे ओठ टेकवायच्या सुट्या तोंडावर, बझिंग, म्हणजे ओठ थरथरवत फुंकणं, पण आधी जो सूर काढायचा तो गाऊन घ्यायचा, मुलं लाजतात, तुम्ही सोबत गा. गाता आला नाही तर ओठांना तरी कसा सापडणार.

ट्युबा परत घेतल्यावर मान वाकवून माउथपीसकडे जायचं नाही, उंच मुलाच्या ट्युबाखाली टॉवेलची घडी, बुटक्याला बसायला उशी. बी फ्लॅट ट्युबावर एकही व्हॉल्व्ह (बोटांनी दाबायची कळ) न दाबता मधला बी फ्लॅट हा सूर, मेट्रोनोम (ताल देणारं यंत्र) 60 वर, म्हणजे मिनिटाला 60 ठोके, आठ मात्रा. मग दुसरा व्हॉल्व्ह दाबून ए, पहिला दाबून ए फ्लॅट, असं अर्ध्या अर्ध्या सुराने खाली. गवई सकाळी खर्ज भरतात ना, अगदी तसंच. नळी जवळजवळ 18 फूट, त्यामुळे खालच्या सुरांना हवा भरपूर लागते पण सावकाश, आरशावर वाफ सोडतो तशी. ओठ आवळले की सूर बारीक झालाच.

खाली हवा पटकन संपते, दोन मात्रांनी श्वास घेतला तरी रागवू नका, घेऊ दे. चक्कर आल्यासारखं वाटलं तर लगेच थांबवा आणि तेवढ्यात वॉटर की, म्हणजे नळीत साचलेलं पाणी सोडायची कळ, उघडून पाणी काढून टाका.