जुनी फियाट टो करून (दुसऱ्या गाडीनं ओढत) कोल्हापूरच्या उद्यमनगरात न्यायची तर

भावा, पहिलं म्हणजे बंपरला दोर बांधायचा नाही, क्रोम बंपर ब्रॅकेटसकट हातात येतो. खाली वाकून बघायचं, टोइंग हुक नसेल तर पुढच्या जाड क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या लोखंडी दांड्याला) दोर बांधायचा, टायरॉडला (चाकं वळवणाऱ्या बारीक दांड्याला) तर हातच लावू नको. कडेला दोर घासत असेल तिथं पोत्याचा तुकडा घाल. खरं तर दोरापेक्षा टो बार (दोन गाड्या जोडायचा कडक लोखंडी दांडा) बरा, कारण ब्रेक मारला की मागची गाडी पुढच्याच्या डिकीत जात नाही, पण तो मिळाला नाही तर दोन गाड्यांत अंतर ५ मीटरच्या आत ठेव, नियमच आहे तसा, आणि दोराच्या मधोमध लाल फडकं बांध, नाहीतर दाभोळकर कॉर्नरला कोणतरी टूव्हीलरवाला मधनंच घुसतोय.

गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली. स्टेअरिंगला लॉक असेल तर चावी फिरवून तो उघडा ठेवायला पाहिजे, पण पॉइंटवाल्या (जुन्या पद्धतीच्या इग्निशनच्या) इंजिनात चावी ऑनवर राहिली तर कॉइल (स्पार्कसाठी करंट वाढवणारा भाग) तापून जळू शकते, म्हणून कॉइलची वायर काढून ठेव.

मागच्या, ओढल्या जाणाऱ्या गाडीत बसणारा पक्का ड्रायव्हरच हवा, सगळं काम त्याचंच असतंय. पुढच्याचा स्पीड कमी झाला की यानं हलका ब्रेक लावून दोर ताणलेलाच ठेवायचा, ढिला पडून परत झटका बसला की दोर तुटलाच. पुढच्यानं क्लच हळू सोडायचा, २० च्या वर जायचं नाही.

ब्रेकच नसेल किंवा जोतिबाच्या घाटात बंद पडली असेल तर दोराचा नाद सोड, सरळ फ्लॅटबेड (गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) बोलव.