बॅलन्स बोर्डवर उभं राहून पीसी गेम खेळायचाय? सेटिंग अशी करा

कोणाकडे वी बॅलन्स बोर्ड (निन्टेन्डोच्या वी गेम कन्सोलचा, वर उभं राहून खेळायचा बोर्ड) धूळ खात पडला असेल तर आधी तो बाहेर काढा, स्की आणि स्नोबोर्डच्या गेमसाठी याच्याइतका भारी कंट्रोलर मला तरी दुसरा सापडला नाही. २००७ ला जपानमध्ये वी फिट या व्यायामाच्या गेमसोबत आलेली वस्तू, आत चार कोपऱ्यांत चार वजनाचे सेन्सर आणि ब्लूटूथ, बास. कल्पना त्याहून जुनी आहे, १९८२ मध्ये अटारी २६०० या जुन्या गेम कन्सोलसाठी जॉयबोर्ड नावाचा असाच बोर्ड निघालेला पण त्याच्या पोटात नुसते स्विच होते, झुकलात की नाही एवढंच कळायचं. आपल्या बोर्डला किती झुकलात तेपण कळतं, आणि सेटिंग करताना बरेच जण नेमकं तेच घालवून बसतात.

जोडायचं सोपंय. चार डबल ए सेल टाका, विंडोजवर वीबॅलन्सवॉकर हा फुकट प्रोग्राम आणि सोबत व्हीजॉय (पीसीला खोटा जॉयस्टिक दाखवणारा प्रोग्राम) घ्या, सेलच्या झाकणाखालचं लाल बटण दाबून पेअर करा. बोर्ड कडक फरशीवर ठेवा, जाड गालिच्यात त्याचे पाय रुततात आणि रीडिंग गंडतं. रिकामा असतानाच झीरो करायचा, मग वर चढायचं.

आता मेन गोष्ट. मी सुरुवातीला डावीकडे झुकलं की लेफ्ट ॲरो, उजवीकडे की राईट ॲरो असं लावलेलं आणि स्कीवाला नुसता झिगझॅग जाऊन झाडावर आपटायचा, दोन दिवस डोकं फिरलं. मग ॲरो की काढून टाकल्या आणि झुकणं व्हीजॉयच्या एक्स ॲक्सिसवर, म्हणजे जॉयस्टिकच्या डाव्या-उजव्या हालचालीवर टाकलं, तर बाजूला जरासं झुकलं की वळण पण जरासंच, पहिल्यांदा असं झालं तेव्हा अंगावर काटा आला खरंच!

हिशोब असा, उजव्या दोन सेन्सरचं वजन वजा डाव्या दोघांचं, भागिले एकूण वजन. ६० किलोच्या माणसाचे ३६ उजवीकडे आणि २४ डावीकडे असले तर १२ भागिले ६०, म्हणजे ०.२. भागाकारामुळे लहान पोरगं चढलं काय नि मोठा माणूस चढला काय, सेटिंग तीच चालते. दोन्ही पाय टेकलेले असताना १ पर्यंत जायला जाल तर तोल जाईल, म्हणून ०.४ लाच फुल स्टिक, म्हणजे जॉयस्टिक पूर्ण वळलेला धरा. सरळ उभं असतानाही शरीर थोडं डोलतंच, त्यामुळे ०.०५ चा डेड झोन हवा, म्हणजे तेवढ्या झुकण्याकडे गेमने दुर्लक्ष करायचं. सेंटर मात्र तुमच्या नेहमीच्या उभं राहण्यावरून सेट करा, बऱ्याच जणांचा भार टाचांवर जास्त असतो आणि मग गेममध्ये सारखा ब्रेक लागल्यासारखं होतं.

बोर्डवर उडी अजिबात मारू नका, पाय घसरतो. गुडघे झटकन वाकवले की एकूण वजन क्षणभर कमी होतं, प्रोग्राममध्ये तेच जंप म्हणून लावता येतं.

बोर्ड नसेल तर ५० किलोचे चार लोड सेल (वजनाचे सेन्सर) आणि आर्डुइनो लिओनार्डो हा छोटा प्रोग्राम करता येणारा सर्किट बोर्ड घेऊन घरी बनवा, लिओनार्डो पीसीला थेट जॉयस्टिक म्हणून दिसतो. वजनकाट्यासारखे चारही सेल एकाच एचएक्स७११ ला (लोड सेलचं रीडिंग घेणारी चिप) जोडू नका, तसं केलं तर फक्त एकूण वजन मिळतं आणि झुकाव कळतच नाही, प्रत्येकाला वेगळा लावा. आणि त्याचा स्पीड सेकंदाला १० रीडिंगवरून ८० वर न्या, १० वर झाड समोर आल्यावर वळायला उशीरच होतो.