'मंट' म्हणजे आग : ज्येष्ठ निवासात नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी

अंघोळ घालणं, बेडपॅन देणं, बीपी मोजणं, दर २ तासांनी कूस बदलणं हे जीडीएच्या (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे रुग्णसेवेतला मदतनीस) कोर्सात शिकूनच तुम्ही येता. ते मी पुन्हा सांगत नाही. मी सांगतेय ते मला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याचे भोग एका अम्मांना भोगावे लागले.

सोलापुरातल्या एका ज्येष्ठ निवासात मी लागले तेव्हा मे महिना होता, पारा चाळीसच्या वर. खोली ज्याची त्याला, जेवण हॉलमध्ये, रात्रपाळीला एक नर्स आणि आम्ही दोघी. माझ्याकडच्या अम्मा शहराच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू वस्तीतल्या, अर्धं आयुष्य विड्या वळलेल्या. माझ्याशी मराठीच बोलायच्या, शेंगाचटणी दह्यात कालवून मागायच्या. एका मंगळवारी अचानक तेलुगूतच बोलायला लागल्या. दिवसभर झोप, रात्री दाराची कडी काढायची धडपड, मला ओळखेनात. मधेच "मंट, मंट" म्हणायच्या. सीनियर म्हणाली, वय झालंय, असंच असतं. मी मान डोलावली आणि वहीत लिहिलं, 'चिडचिड करतात'.

चौथ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या मावशींनी विचारलं, "अगं, अम्मा आग होतेय म्हणतायत, डॉक्टरांना सांगितलंस का?" मावशींच्या घरी तेलुगूच. लघवीला जळजळ होत होती. संसर्ग झालेला, अंगातलं पाणी आटलेलं, ताप मात्र नव्हता. ८ दिवस दवाखान्यात काढले. परत आल्या त्या काठी सुटून वॉकरवर. ते मला अजून टोचतं.

म्हणून हे नीट वाचा. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, सहसा महिन्यां-वर्षांनी हळूहळू वाढतो. काल पेन्शनचा हिशेब सांगणारं माणूस आज बरळायला लागलं, तर त्याला म्हातारपण म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. ते वरखाली होतं, सकाळी बरं, संध्याकाळी भ्रम. सकाळच्या राउंडला डॉक्टरांसमोर माणूस नीट बोलतं आणि आपण गप्प बसतो, इथेच फसगत होते. कारण बहुतेकदा शरीरात सापडतं : लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, नवी सुरू झालेली झोपेची गोळी, रक्तातलं सोडियम उतरणं. मधुमेह असेल तर आधी ग्लुकोमीटर. साखर ७० च्या खाली आणि नीट गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्या. गुंगी असेल तर तोंडात काहीही घालू नका, नर्सला हाक मारा.

आणि काही जण बरळत नाहीत, उलट गप्प होतात, पडून राहतात. "आज आजोबांनी त्रास दिला नाही" म्हणून आपल्याला बरं वाटतं. तेही डेलिरियमच असू शकतं, आणि ते नजरेतून निसटतं.

वहीत 'चिडचिड' लिहू नका. किती वाजता काय केलं, किती प्यायले, लघवी किती वेळा, रंग कसा, कुठली गोळी कधीपासून, हे लिहा. फोनवर डॉक्टरांना पहिलं वाक्य : "कालपासून अचानक बदल आहे."

पाण्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नाही. रात्री उठावं लागेल या भीतीने म्हातारी माणसं पाणी टाळतात. त्यात नळाला रोज पाणी नसलेल्या गावात आयुष्य काढलेलं, तांब्या पुरवून प्यायची सवय. आणि काही केअरटेकर चादर कोरडी राहावी म्हणून दुपारनंतर पाणीच तोडतात, वर डायपर बांधतात. हे पाप आहे. हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवलेलं असतं, ते पाळा. बाकीच्यांना दिवसभर थोडं थोडं देत राहा.

१५ दिवसांत सर्टिफिकेट देतो म्हणणाऱ्यांकडे पैसे घालू नका. शिकायचं तर झाडूवाल्या, स्वयंपाकवाल्या मावशींकडे बसा. कोणी ताटात काय ठेवलं हे त्यांना आधी कळतं. जी सीनियर खाटेजवळ न जाता दारातूनच निदान सांगते, तिच्यापासून लांब राहा. इथे मराठीवर भागत नाही. तेलुगूत पाणी नीळ्ळु, दुखणं नोप्पि, जळजळ मंट. कन्नडमध्ये नीरु, नोवु, उरि. हे ६ शब्द पहिल्याच आठवड्यात पाठ करा.

पहिले दोन महिने रडू येईल, हात थरथरतील. मलाही व्हायचं. शंका आली की विचारा, रात्रीचे २ वाजले असले तरी नर्सला उठवा. ओरडा बसला तर बसू द्या. हात आपोआप बसतो, खरंच बसतो.

अम्मा आता वॉकर घेऊन हॉलपर्यंत येतात. संध्याकाळी ५ ला मी ताकाचा पेला पुढे करते आणि "तागंडी" म्हणते. त्या आधी माझा उच्चार सुधारतात, मग पितात.